मोरचुदाचं निळं पान

'बागेत खेळणारी मुले' हा विषय मी फळ्यावर किती वेळा लिहिला असेल त्याला गणती नाही. स्मरणचित्राच्या सरावातला तो हुकमाचा एक्का. बाजाराचा दिवस, पाणवठा, गणेश विसर्जन, पावसातली धांदल आणि बागेत खेळणारी मुले, एवढे पाच विषय हाताखालून गेले की एलिमेंटरी परीक्षेचं पोर तरलं, असा आम्हा चित्रकला शिक्षकांचा हिशेब. त्या बागेचा आराखडाही ठरलेला. डावीकडे मोठं झाड, त्याची फांदी कागदाबाहेर थोडी जाऊ द्यायची. उजवीकडे घसरगुंडी. मध्ये झोपाळा आणि त्यावर फ्रॉकवाली मुलगी. पुढं एक मुलगा पाठमोरा बसवायचा, कारण पाठमोऱ्या माणसाचा चेहरा काढावा लागत नाही. मागं कुंपण, कुंपणामागं फिक्या निळ्या टेकड्या. झाडाखालची सावली हिरव्यात काळा मिसळून. हे मी 11 वर्षं शिकवलं. मुलांना श्रेणी मिळत गेल्या, शाळा खूश, मीही खूश. आता तर इंटरमिजिएटला अ श्रेणी आली की दहावीला 7 गुण, ब आली की 5, क ला 3. त्यामुळं पूर्वी चित्रकलेच्या तासाला नाक मुरडणारे पालकही हल्ली वाटेत थांबवून विचारतात, "सर, आमच्याचा हात बसला का?"

हात बसायचा तो घसरगुंडीवर. माझ्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी ती नाशिकच्या सहलीत एकदाच पाहिलेली. आमची शाळा चांदवडला, हे मुंबई-आग्रा रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. डोंगराच्या कुशीत रेणुकामातेचं देऊळ, वर किल्ला, गावात होळकरांचा रंगमहाल आणि हंगामात बाजार समितीबाहेर कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग. पोरं खेळतात ती बांधावर, खळ्यात, कांद्याच्या चाळीमागं, नाहीतर देवळाच्या पायऱ्यांवर. कागदावर मात्र त्यांनी झोपाळा टांगायचा. स्मरणचित्र म्हणायचं त्याला, पण स्मरण माझं होतं, आणि तेही मी माझ्या शिक्षकांकडून उचललेलं.

बरं, बाग हा शब्द इकडे परका आहे म्हणावं तर तसंही नाही. दिवसातून दहादा कानावर येतो. 'पप्पा बागेत गेलेत', 'आमची बाग छाटायची राहिली', 'यंदा बाग फेल गेली'. बाग म्हणजे द्राक्षाची. निफाड-दिंडोरीचा पट्टा त्यासाठी नावाजलेला, आणि आमच्या तालुक्यात वडनेर भैरवची बाजू. हजेरी घेताना मी हे ऐकत होतो आणि तासाला फळ्यावर 'बागेत खेळणारी मुले' लिहीत होतो. दोन्ही शब्द एकच आहेत हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

ते आणून दिलं आठवीतल्या एका मुलीनं. ऑगस्टातला शनिवार, सकाळची शाळा. मुलगी मामाकडे चांदवडला राहून शिकणारी, घर वडनेर भैरवच्या अलीकडे एका वस्तीवर. अबोल. हजेरीला 'हजर' म्हणायची तेवढाच तिचा आवाज मी ऐकलेला. फेरी मारत मी तिच्या बाकाशी आलो तर कागदावर झाडच नव्हतं. ओळीनं उभे खांब, खांबांवर तारा, तारांवर पानांचं छत आणि छताखाली तीन-चार पोरं. पोरं म्हणजे रंगाचे फटकारेच. एकीला डोळे नव्हते, एकाला पंजे नव्हते. जमीन जांभळट, तिच्यावर पिवळे ठिपके सांडल्यासारखे. आणि पानं निळी. सगळी नाहीत, पण निम्मी तरी. पांढुरकी, आकाशी निळी.

"पान निळं कुठं असतं गं?" मी विचारलं.

वर्ग हसला. तिनं मान खाली घातली आणि पुटपुटली, "सर, मोरचूद मारेल हाये ना."

पुढचं लिहायला मला आवडत नाही, पण लिहितो. मी लाल पेन काढलं आणि कागदाच्या कोपऱ्यात शेरा मारला: 'पाने हिरवी हवीत. मुले स्पष्ट नाहीत. झाड?' नवा कागद घ्यायला सांगितलं. सोमवारी तिनं घसरगुंडी आणली, झोपाळा आणला, पाठमोरा मुलगा आणला, हिरव्यात काळा मिसळून सावली आणली. मी 'छान' लिहिलं. परीक्षेत तिला ब श्रेणी आली. आमच्या शाळेच्या मानानं ती चांगलीच.

पहिला कागद खरं म्हणजे रद्दीत जायचा. तो वाचला भूमितीमुळं. ड्रॉइंगचा कागद फुकट घालवायचा नाही ही शेतकऱ्याच्या घरातली शिस्त. तिनं त्याच्या पाठीवर कर्तव्यभूमितीचा सराव केला, वर्तुळात नियमित पंचकोन, आणि गठ्ठ्यात लावून दिला. पंधरा दिवसांनी रात्री मी घरी भूमिती तपासत बसलो होतो. पंचकोन बरोबर होता. कागद उलटा करून भिंतीला टेकवला आणि पाणी प्यायला आत गेलो. परत येताना दारातून नजर गेली ती तिथंच अडकली. हातभर अंतरावरून जी गिचमिड दिसली होती ती आठ-दहा फुटांवरून ऊन झाली होती. दुपारचं, पानांतून गळणारं, हलतं ऊन. पोरांना डोळे नव्हते, पण ती पळत होती.

मी ए.टी.डी. (कला शिक्षक पदविका) केलं नाशिकला. तिथं कलेच्या इतिहासात 'दृक्प्रत्ययवाद' नावाचा धडा होता. शब्दच असा की उच्चारताना जीभ अडखळावी. इम्प्रेशनिझम म्हटलं की निदान सुटका होते. त्यावरचं उत्तर मला आजही झोपेत उठवलं तरी येईल. 1874 साली पॅरिसमध्ये नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत काही चित्रकारांनी आपलं प्रदर्शन भरवलं. मोने, रेन्वार, पिसारो, देगा, बेर्त मोरिसो. मोनेच्या सूर्योदयाच्या चित्राच्या नावातला 'इम्प्रेशन' हा शब्द पकडून एका समीक्षकानं टवाळी केली आणि टवाळीचंच नाव पडलं. वैशिष्ट्ये: उघड्यावर चित्रण, तुटक फटकारे, सावलीत काळ्याऐवजी निळा-जांभळा, क्षणाच्या प्रकाशाला महत्त्व. चार मुद्दे, प्रत्येकी एक गुण. आपल्याकडची उदाहरणंही पाठ होती. कोल्हापूरला रंकाळ्याचा संध्यामठ रंगवणारे आबालाल रहिमान. इंदूरला 1927 साली कलाशाळा सुरू करणारे देवळालीकर मास्तर, जे विद्यार्थ्यांना उघड्यावर नेऊन निसर्गचित्रं करायला लावत, आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेले ना. श्री. बेंद्रे. बेंद्र्यांनी तर पुढं नुसत्या ठिपक्यांतून चित्रं उभी केली. आमच्या शाळेजवळून जाणारा रस्ता सरळ इंदूरलाच जातो. होळकरांचा रंगमहाल चांदवडला आहे तो काही उगीच नाही. हे सगळं मला ठाऊक होतं, आणि चारही मुद्दे एका कागदावर उतरून माझ्यासमोर आले तेव्हा मी त्यावर लाल शेरा मारला होता.

दुसऱ्या रविवारी मोटारसायकल काढली. पिंपळगावच्या दिशेनं महामार्गाला लागलं की उजव्या हाताला सातमाळ्याची रांग सोबतीला असते. पावसाळ्यात ती हिरवी असते, एरवी ताकात भिजवलेल्या भाकरीच्या रंगाची. वडाळी भोईपाशी धोडपच्या भिंतीतली खाच दिसते. तिथून आत वळलो. मुलीच्या घरी सरांना पाहून धांदल उडाली. चित्रकलेचे सर घरी येतात म्हणजे नक्की काहीतरी भानगड, असा तिच्या आजीचा चेहरा. मी म्हणालो, "बाग बघायला आलोय." तिचे वडील, त्यांना मी भाऊ म्हणायला लागलो, हसले. "सर, बघायला यायचं तर फेब्रुवारीत यावं. माल असतो तव्हा. आता काय, काडी आहे नुसती."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. द्राक्षाची बाग वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यानंतर वेल फक्त काडी आणि पानं वाढवतो. मग पावसाळा संपता संपता, ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, तिच्यानंतर घड येतात. म्हणजे ऑगस्टात बागेत फळ शून्य आणि पान सर्वांत दाट. गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं बाग तेव्हा बघण्यासारखी नसतेच. चित्रकारासाठी तोच हंगाम, हे मला मांडवाखाली वाकून शिरल्यावर कळलं.

दुपारचे तीन वाजले होते. पाऊस उघडलेला. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत एकदम वेगळाच उजेड, जणू हिरव्या काचेच्या बरणीत आलो. छत डोक्याला लागेल न लागेल एवढ्या उंचीवर. पानाला पान भिडलेलं, तरी कुठंकुठं फट. फटीतून पडलेलं ऊन जमिनीवर गोल गोल, रुपयांएवढं, आणि वारा आला की सगळे रुपये एकदम सरकायचे. वस्तीवरची पोरं तिथंच खेळत होती, कारण आसपास दुसरी सावली नव्हती. एकजण खांब पकडून गरगर फिरत होता. दोन मुली ठिबकच्या नळ्यांवरून उड्या मारत होत्या. ऊन त्यांच्या अंगावरून धावत होतं. पळणाऱ्या पोराचा पांढरा सदरा एका दमात पिवळा, हिरवा आणि निळसर होत होता. चेहरा पकडू म्हटलं तर दिसत नव्हता. डोळे कुठले काढणार?

आणि पानं निळी होती. नखाएवढ्या निळ्या डागांची, मध्येच पांढुरक्या सायीची. पावसानं निम्मी धुतली गेली होती. म्हणून तिनं निम्मीच निळी काढली होती.

भाऊंनी पिंपात मोरचूद कसं कालवतात ते दाखवलं. एका टक्क्याचं मिश्रण हवं तर 100 लिटर पाण्याला किलोभर मोरचूद आणि किलोभर चुना. पानावर मारायचं तर ते त्याहून हलकं करतात. पिंप प्लास्टिकचं, लोखंडाचं चालत नाही. मोरचूद वेगळं विरघळवायचं, चुना वेगळा. दोन्ही एकत्र आले की पाण्याला जो रंग चढतो तो मी कुठल्याही ट्यूबमध्ये पाहिलेला नाही. मग त्यात विळा बुडवून बघायचा. पातं तांबूस झालं तर चुना कमी पडला, आणखी घालायचा. भाऊ विळा उन्हात धरून निरखत होते, अगदी मी कागदाच्या कडेला रंग लावून बघतो तसे. "फवाऱ्याच्या दिवशी पोरांना इकडं फिरकू देत नाही," ते म्हणाले. "वाळलं की मग सोडतो."

या मिश्रणाला शेतकरी बोर्डो म्हणतात. ते बोर्डो म्हणजे फ्रान्समधलं बोर्दो, हे मी नंतर वाचलं. तिकडे मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर शेतकरी मोरचूद-चुना शिंपडत, हेतू एवढाच की निळी-पांढरी पानं बघून वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत. 1882 साली मियार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की रस्त्याकडेच्या या वेलींवर डावण्या रोग नाही आणि आतल्या वेली मात्र झडल्यात. 1885 साली त्यानं हा उपाय छापून जाहीर केला. म्हणजे त्या देशातले चित्रकार निळ्या सावल्यांपायी शिव्या खात होते, त्याच वर्षांत तिथल्या मळ्यांत पानं खरोखरीच निळी होत होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काही नाही. पण चांदवडच्या एका बाकावर तो लागला, आणि मला तो लागलेला पाहायला पंधरा दिवस उशीर झाला.

त्यानंतर मला झपाटलं. बागेत खेळणारी मुलं आपणच रंगवायची, मांडवाखाली बसून. इतकी वर्षं शिकवण्यात माझं स्वतःचं काम बंदच पडलं होतं. वर्षाकाठी शाळेच्या भिंतीवर सुविचार आणि स्नेहसंमेलनाचा पडदा, एवढीच माझी कला. कपाटातून जुना ईझल काढला, जलरंग घेतले आणि सप्टेंबरभर रविवारी दुपारी भाऊंच्या बागेत जाऊन बसलो.

पहिल्या रविवारी नुसता चिखल झाला. कारण साधं आहे: मांडवाखाली सगळंच हिरवं. वर हिरवं, खाली हिरव्याचा उजेड, हातावर हिरवं. मी हिरव्याचे पाच प्रकार कालवले आणि कागदावर पालक पडला. वारा रंग वाळवायचा, डास पाय फोडायचे. आणि पोरं. 'जरा थांब रे' म्हटलं की पोरगं सावधान उभं राहायचं, राष्ट्रगीताला राहतात तसं, आणि चित्र मरायचं. थांबू नका म्हटलं तर लाजून पळून जायची. शेवटी मी त्यांच्याकडे पाठ केली, मोटारसायकलचा आरसा काढून ईझलला बांधला आणि त्यात बघून रंगवू लागलो. असला उपद्व्याप कुठल्या पुस्तकात नाही, पण चालला.

खरा पेच वेळेचा होता. तीन ते सव्वातीन, फार तर साडेतीन. त्या वेळात ऊन ज्या कोनातून शिरायचं तो गेला की गोल रुपये लांबट व्हायचे, मग पट्टे, मग काहीच नाही. या बाबतीत मला सार्जंटचा आधार वाटायचा. जॉन सिंगर सार्जंट हा मूळ अमेरिकन घराण्यातला चित्रकार. 1885 साली इंग्लंडमधल्या ब्रॉडवे नावाच्या खेड्यात त्यानं बागेत कागदी कंदील लावणाऱ्या दोन मुली रंगवायला घेतल्या. त्याला हवा होता दिवस मावळतानाचा जांभळट उजेड, आणि तो मिळायचा संध्याकाळी काही मिनिटं. तेवढी मिनिटं रंगवायचं की संपलं. थंडी आली, बागेतली फुलं गेली, तेव्हा त्यानं नकली फुलं लावून काम रेटलं, तरी पुरं झालं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तिथंच जाऊन त्यानं ते संपवलं. एवढ्या मोठ्या माणसाला दोन हंगाम लागले, तर रविवारच्या चित्रकारानं किती घाई करावी?

मोनेचं वेथ्योच्या बागेचं चित्रही मी पुन्हा काढून पाहिलं. 1881 सालचं. दोन्ही अंगाला सूर्यफुलांच्या भिंती, मधून वर चढत जाणारी वाट, पायऱ्या, आणि वाटेवर पोरं, एक खेळण्याची गाडी घेऊन उभं. विद्यार्थी असताना मला त्यात फक्त सूर्यफुलं दिसली होती. आता दिसलं की पोरं अगदी लहान काढली आहेत, फुलांच्या ओझ्याखाली. त्या मुलांत त्याचा धाकटा मिशेल आहे. त्याची आई, मोनेची पहिली बायको कामिय, 1879 साली त्याच गावात वारली. चित्रात याचा कुठं मागमूस नाही. ऊन आहे, फुलं आहेत, पोरगं आहे.

चौथ्या रविवारी चित्राला थोडा आकार आला. सावली मी काळ्याला हात न लावता उभी केली, तांबूस मातीवर पातळ निळा चढवून. पोरांचे सदरे कोरे ठेवले, कागदाचाच पांढरा. उन्हाचे ठिपके पिवळ्या रंगाचे, पानांवर आणि मातीवर सारखेच. मी स्वतःवर जरा खूश होऊन मागं सरलो. भाऊ पंप ठेवून आले, कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, काहीतरी दाद येणार. ते वाकले, चित्रातल्या पानांवरच्या पिवळ्या ठिपक्यांवर बोट ठेवून म्हणाले, "सर, ह्यो डावण्या का हो? आपल्या बागेला कुठं दिसला तुम्हाला?"

डावण्या म्हणजे द्राक्षाच्या पानावर पिवळे तेलकट ठिपके पाडणारा रोग. एकदा घुसला तर हंगाम घालवतो. मी त्यांना समजावलं की ते ऊन आहे. त्यांनी मान डोलावली, पण जाताना दोन ओळी फिरून पानं उलटी करकरून बघून आले. माझ्या चित्राला मिळालेला तो सर्वांत गंभीर अभिप्राय. त्यानंतर मी पानांवरचे ठिपके अर्ध्यावर आणले, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर चित्र सुधारलं.

वर्गात मात्र बदल करणं सोपं गेलं नाही. सावली काळी नसते हे आठवीच्या मुलाला सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. मी कांदा कामाला लावला. लाल कांद्याचा ढीग भर उन्हात अर्धा मिनिट एकटक बघायचा आणि लगेच पांढऱ्या कागदाकडे पाहायचं. कागदावर हिरवट छाया तरंगते. पोरांनी 'अरे सर, खरंच!' म्हणून गोंगाट केला. डोळा एका रंगानं दमला की समोरचा रंग आपणच तयार करतो. पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात रंगाईचा प्रमुख असलेल्या शेव्रल या रसायनशास्त्रज्ञानं 1839 साली शेजारशेजारच्या रंगांवर मोठा ग्रंथ लिहिला, तो अशाच निरीक्षणांतून. विणकरांची तक्रार होती की काळा धागा फिका दिसतो. यानं दाखवलं की दोष धाग्यात नाही, शेजारच्या रंगात आहे. आपल्याकडे येवल्याच्या विणकराला हे सांगायला नको. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या, आणि पदर हलला की तिसराच रंग. धूपछाव पैठणी वर्गातल्या एकीनं आईला विचारून आणली होती. तिच्यावर बोट ठेवून मी ठिपक्यांची चित्रकला शिकवली. त्या दिवशी मला फळ्याची गरज पडली नाही.

एकदा मुलांना रंगमहालात नेलं. लाकडी खांब, कोरीव काम, भिंतींवरची चित्रं. एकानं विचारलं, "सर, ह्या माणसांना सावली का नाही?" मी म्हटलं, त्या चित्रकाराला दिवसाचा कुठला वेळ आहे ते सांगायचंच नव्हतं. राजा बसलाय, देव उभा आहे, ते सकाळीही तसेच आणि संध्याकाळीही तसेच. मुलानं विचार करून म्हटलं, "मग आपण वेळ कशाला काढायची?" याचं उत्तर मी तेव्हा काहीतरी दिलं. आज आठवत नाही, म्हणजे बरं नसणार.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात भाऊंनी बाग छाटायला घेतली. मी रविवारी गेलो तर छत गायब. खांब, तारा, उघड्या काड्या आणि जमिनीवर तारांच्या सरळ काळपट रेघा. माझा उजेड बाहेर मोकळ्यावर येऊन पडला होता. चित्र निम्मंच झालेलं, उजवा कोपरा तर कोराच. मी म्हटलं, असू दे, सार्जंटसारखं पुढच्या ऑगस्टात. भाऊही म्हणाले, "बाग कुठं जाती?"

बाग गेली. त्या हंगामात फुलोऱ्यात अवकाळी पाऊस झाला, मणीगळ झाली, उरलेल्याला भाव मिळाला नाही. कर्ज आधीचं होतंच. मार्चनंतर भाऊंनी जेसीबी लावून बाग काढली आणि त्या जागी टोमॅटो लावले, मग कांदा. खांब आणि तारा विकल्या. नाशिक जिल्ह्यात बाग काढणारे ते काही एकटे नव्हते. ऑगस्टात मी सवयीनं गेलो. पोरं घराच्या पत्र्याच्या सावलीत मोबाइल बघत बसली होती. मी चहा घेतला आणि परत आलो. ईझल मोटारसायकलला बांधलेलाच राहिला.

माझं चित्र अजून तसंच आहे, उजवा कोपरा कोरा. तो आता भरता येणार नाही, आणि दुसऱ्याच्या बागेत बसून भरणं मला जमलं नाही. मुलीचा कागद मात्र मी काचेत घालून चित्रकलेच्या खोलीत लावला आहे. दोन्ही बाजूंना काच आहे, म्हणजे मागचा पंचकोनही दिसतो. माझा लाल शेरा कोपऱ्यात आहे. तो झाकावा असं एका सहकाऱ्यानं सुचवलं होतं; मी झाकला नाही. मुलगी पुढं फार्मसीला गेली. मध्यंतरी मामाकडे आली तेव्हा शाळेत डोकावली, काचेतला कागद पाहिला आणि म्हणाली, "सर, ह्यात ती डावीकडची तार चुकली होती. ती खाली होती."

या वर्षीच्या सरावाला मी फळ्यावर फक्त 'बाग' असा एकच शब्द लिहिला. कुठली, ते सांगितलं नाही. ज्याला जी आठवेल ती काढा म्हटलं. वर्गात 34 मुलं होती. 25 जणांनी घसरगुंडी काढली. 5 जणांनी द्राक्षाची बाग, त्यांतल्या दोघांनी पानं निळी. 3 जणांनी डाळिंबाची. आणि एकानं कांद्याची चाळ काढली, तिच्यासमोर खेळणारी पोरं काढली आणि खाली लिहिलं, 'आमच्याकडे बाग नाही.'